सेरामपूर कॉलेजची सनद

कलकत्त्याच्या उत्तरेला, हुगळीच्या पश्चिम तीरावर सेरामपूर हे गाव आहे. १७५५ पासून तिथे डेन्मार्कची वखार होती. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको असल्यामुळे बाप्टिस्ट मिशनऱ्यांनी १८०० साली या डॅनिश गावाचा आसरा घेतला. विल्यम कॅरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड या तिघांनी तिथे छापखाना घातला, शाळा काढल्या आणि १८१८ मध्ये कॉलेज सुरू केले.

मराठी वाचकाला कॅरीचे नाव परके नाही. फोर्ट विल्यम कॉलेजात तो बंगाली आणि संस्कृतबरोबर मराठीही शिकवीत असे. वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने त्याने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश सिद्ध केला. ‘सिंहासनबत्तिशी’ आणि ‘हितोपदेश’ ही आरंभीची मराठी छापील पुस्तके सेरामपूरच्याच छापखान्यातून बाहेर पडली. फोर्ट विल्यमच्या पगारातला बहुतेक पैसा कॅरी मिशनच्या कामात घाली. कॉलेजची भव्य, खांबांच्या दर्शनी भागाची इमारतही मुख्यतः या मंडळींच्या स्वतःच्या कमाईतून उभी राहिली.

पहिल्या वर्षी विद्यार्थी होते ३७. त्यांतले १९ देशी ख्रिस्ती आणि बाकीचे हिंदू. ख्रिस्ती मुले कॉलेजात राहत. हिंदू आणि मुसलमान मुलांना स्वतःच्या आचारामुळे तिथे राहणे-जेवणे शक्य नव्हते. ती बाहेर राहून शिकायला येत. एका वर्गात शेजारी बसणारी मुले जेवायला मात्र वेगवेगळ्या दिशांना जात. संस्थापकांनी ही अडचण जमेस धरूनच नियम केले. १८३३ च्या नियमावलीत जात, वर्ण किंवा देश यांवरून कोणालाही प्रवेश नाकारला जाणार नाही असे स्पष्ट कलम आहे. अध्यापकांवर श्रद्धेचे बंधन होते, विद्यार्थ्यांवर नव्हते. धर्मप्रसारासाठी निघालेल्या संस्थेने त्या काळात हे लिहून ठेवावे, ही मोठी गोष्ट आहे.

अभ्यासक्रमाची आखणी त्याहूनही वेगळी होती. १८१७ मध्ये कलकत्त्यात निघालेल्या हिंदू कॉलेजात इंग्रजी विद्येची ओढ होती, आणि १८३० नंतर अलेक्झांडर डफ या मिशनऱ्याने मिशनचे शिक्षणही इंग्रजीकडे वळवले. सेरामपूरने संस्कृतला मध्यभागी ठेवले. देशी ख्रिस्ती प्रचारकाला हिंदू शास्त्रे मुळातून वाचता आली पाहिजेत, नाहीतर पंडितांपुढे त्याचे बोलणे टिकणार नाही, असे या मंडळींचे मत होते. यामागचा हेतू धर्मप्रचाराचा होता हे लपवण्याचे कारण नाही. पण त्यापोटी संस्कृताध्ययनाला मानाचे स्थान मिळाले आणि नवे शास्त्र मुलांच्या भाषेत शिकवण्याचा प्रयत्न झाला, हेही तितकेच खरे. एडिंबरोत शिकलेला जॉन मॅक १८२१ मध्ये विज्ञान शिकवायला आला. त्याचे रसायनशास्त्राचे पुस्तक १८३४ मध्ये इंग्रजी आणि बंगाली मजकूर सोबत देऊन छापले गेले. धर्मशास्त्राबरोबर वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र हे विषय स्वतः कॅरीकडे होते. त्याची बाग नावाजलेली होती. १८२३ च्या पुरात तिची फार हानी झाली.

कॉलेजला पदव्या देण्याचा अधिकार हवा होता. मार्शमनने कोपनहेगनला जाऊन राजा सहावा फ्रेडरिक याच्याकडे तो मागितला आणि २३ फेब्रुवारी १८२७ रोजी राजाची सनद मिळाली. कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही विद्यापीठे स्थापन होण्याच्या तीस वर्षे आधी, हुगळीकाठच्या या लहानशा कॉलेजला डेन्मार्कच्या विद्यापीठांसारखे अधिकार लाभले.

ते वापरण्याइतके बळ मात्र संस्थेत उरले नाही. १८३० पासून कलकत्त्यातील मोठ्या पेढ्या एकामागून एक बुडाल्या आणि त्यांत कॉलेजची ठेव गेली. वॉर्ड १८२३ मध्येच वारला होता. कॅरी १८३४ मध्ये आणि मार्शमन १८३७ मध्ये गेला. मार्शमनचा मुलगा जॉन क्लार्क याने पुढे अनेक वर्षे पदरमोड करून कॉलेज चालवले. १८४५ मध्ये डेन्मार्कने सेरामपूर इंग्रजांना विकले, तेव्हा कॉलेजचे सनदी हक्क कायम राहतील असे कलम तहात घातले गेले. त्या वेळी ते कलम कागदापुरते वाटले असेल. पुढे संस्था वाचली ती त्याच्याच आधाराने. त्याआधी मात्र १८५७ मध्ये कॉलेज कलकत्ता विद्यापीठाला जोडले गेले आणि १८८३ मध्ये धर्मशास्त्राखेरीज इतर उच्च शिक्षण तिथे बंदच झाले.

विसाव्या शतकाच्या आरंभी जॉर्ज हॉवेल्स या प्राचार्याने जुनी सनद पुन्हा बाहेर काढली. १९१० मध्ये धर्मशास्त्राचे उच्च वर्ग सुरू झाले, पाठोपाठ कलाशाखाही परत आली. १९१५ मध्ये तीन विद्यार्थ्यांना धर्मशास्त्राची बी. डी. ही पदवी दिली गेली. सनदेखाली दिलेल्या या पहिल्या पदव्या. सनद मिळून तोवर ८८ वर्षे झाली होती. १९१८ मध्ये बंगालच्या विधिमंडळाने सेरामपूर कॉलेज कायदा केला. कारभार पाहणाऱ्या कौन्सिलच्या जोडीला धर्मशास्त्राच्या पदव्यांचे काम पाहणारे सिनेट आले आणि बाप्टिस्टांखेरीज इतर पंथांनाही त्यात जागा मिळाली.

तेव्हापासून संस्था दुहेरी चालते. कला, विज्ञान आणि वाणिज्य शाखांचे विद्यार्थी कलकत्ता विद्यापीठाची पदवी घेतात. त्यांत सर्व धर्मांची मुले असतात आणि संख्येने तीच जास्त आहेत. धर्मशास्त्राची पदवी सेरामपूरची स्वतःची. तिच्यासाठी भारतातली आणि शेजारच्या देशांतली पन्नासहून अधिक महाविद्यालये सिनेटशी संलग्न आहेत. १९८३ मध्ये यवतमाळहून पुण्याला आलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी त्यांपैकीच एक.