हळदोण्याचा ट्रम्पेट

गोव्याचं संगीत म्हटलं की आपल्या तोंडी नावं ठरलेली. मंगेशीचे दीनानाथ, केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई. हळदोण्याच्या आंतोनियो झेवियर वाझचं नाव आपल्यापैकी किती जण घेतात? मुंबईत त्याला 'चिक चॉकलेट' म्हणत. जन्म 1916 चा, हातात ट्रम्पेट, आदर्श लुई आर्मस्ट्राँग. ताजमध्ये वाजवायचा.

पण ताजमधला जॅझ ऐकणार कोण? साहेब, संस्थानिक आणि पैसेवाले पारशी. त्यात 1949 च्या कायद्याने दारूबंदी आली, हॉटेलांची रया गेली आणि वादकांना सिनेमाचाच मोठा आधार उरला. सिनेमालाही ते हवेच होते. चर्चच्या शाळेत मेस्ताकडे छड्या खात नोटेशन शिकलेला आमचा गोंयकार समोरचा कागद बघून लगेच वाजवी. संगीतकार चाल गुणगुणणार, ती कागदावर उतरवून पन्नास वाद्यांत वाटून देणार गोंयकार. शंकर-जयकिशनकडे हे काम सेबॅस्टियन डिसोझा करत. पडद्यावरच्या नामावळीत मात्र ही नावं क्वचितच दिसत.

चिकची गाठ पडली सी. रामचंद्रांशी. हा पुणतांब्याचा चितळकर, विनायकबुवा पटवर्धनांचा विद्यार्थी, म्हणजे तालीम ग्वाल्हेर गायकीची. 'अलबेला'त (1951) या दोघांनी जे केलं ते ऐकाच. चाल गुणगुणायला अगदी देशी, आणि खाली बोंगो, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन. भगवानदादा गिरणगावातले, त्यांचा नाच कुणालाही जमेल असा. चिकचा बँड तर पडद्यावरच दिसतो, झालरीच्या बाह्यांचे सदरे घालून! ग्वाल्हेरला हरिशंकरपुरममध्ये एका लग्नाच्या वरातीत बँडवाल्यांनी 'अलबेला' वाजवला तेव्हा आमचे ख्यालवेडे यजमानसुद्धा ठेका धरत होते. जॅझ म्हटलं असतं तर उठून गेले असते.

'आशा'तल्या (1957) 'ईना मीना डीका'ची गंमत तर आपल्यालाच कळावी अशी. निरर्थक शब्दांची ती माळ जुळवताना जॉन गोम्स या गोंयकार वादकाने शेवटी चक्क दोन कोंकणी शब्द घुसडून दिले, असं सांगतात. देशभर लोक ते गातात, अर्थ ठाऊक नसताना.

आणि माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस? प्यारेलालांचे व्हायोलिनचे गुरू. 1958 साली मुंबईत सेंट झेवियर्सच्या प्रांगणात त्यांनी रागांवर बांधलेल्या सिंफनी वाजवल्या, लता आणि मन्ना डे गायले. 1977 मध्ये 'अमर अकबर अँथनी'ने ते नाव घरोघरी नेलं. लोकांना वाटलं, काल्पनिक पात्र. खरे गोन्साल्विस तेव्हा हयात होते. ते गेले 2012 साली.