ऑस्कर मासा: चुकीच्या पत्त्यावर नोंदलेला जीव

१/ घरगुती काचपेटीत पाळला जाणारा ऑस्कर हा सिक्लिड कुळातील एक थोराड मासा. अ‍ॅमेझॉन खोऱ्यातील गोड्या पाण्याचा हा रहिवासी विज्ञानाच्या दप्तरी दाखल झाला तो मात्र समुद्री मासा म्हणून. ही चूक कशी घडली आणि त्याचा खरा स्वभाव कोठे उलगडला, त्याचा हा मागोवा.

२/ १८१७ साली ऑस्ट्रियाची राजकन्या लिओपोल्डिना हिच्या विवाहाच्या निमित्ताने एक शास्त्रीय मोहीम ब्राझीलला निघाली. बव्हेरियाच्या राजाने तिच्यासोबत प्राणिशास्त्रज्ञ स्पिक्स आणि वनस्पतिशास्त्रज्ञ मार्टियस यांना धाडले. १८२० मध्ये दोघे परतले. त्यांच्या संग्रहात मासेही होते.

३/ १८२६ मध्ये स्पिक्सचे निधन झाले. माशांचे अपुरे काम मार्टियसने लुई आगासी या तरुण विद्यार्थ्याकडे सोपवले. आगासीने तोवर ब्राझील पाहिला नव्हता आणि संग्राहकाला विचारण्याची सोय उरली नव्हती. १८३१ मध्ये त्याने या माशाला 'लोबोटिस ओसेलाटस' म्हटले आणि समुद्री माशांच्या पंगतीत बसवले.

४/ 'ओसेलाटस' म्हणजे नेत्रांकित. शेपटीच्या बुडाशी असलेल्या डोळ्यासारख्या ठिपक्यावरून हे नाव पडले. १८३९ मध्ये विल्यम स्वेन्सनने 'अ‍ॅस्ट्रोनोटस' ही स्वतंत्र प्रजाती स्थापली. ऑस्करचे आजचे शास्त्रीय नाव या दोन शब्दांचे मिळून झाले आहे.

५/ असा प्रकार आपल्याकडेही आढळतो. गोव्याचे काळुंदर हेही सिक्लिडच. बर्लिनचा वैद्य ब्लॉख याने १७९० मध्ये त्याच्या नावात 'सुराटेन्सिस', म्हणजे सुरतेचा, हा शब्द घातला. प्रत्यक्षात ते गोवा, केरळ आणि श्रीलंकेच्या खाड्या-खाजणांत नांदते.

६/ नाव मृत नमुन्यावरून देता येते, स्वभाव कळायला जिवंत मासा हवा. १८५० मध्ये लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टनने सोनमासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून पाण्याचा समतोल साधला. ऑस्करपुढे हा उपाय तोकडा पडतो, कारण तो वनस्पती उपटतो, खातो भरपूर आणि पाणी तितकेच घाण करतो.

७/ विष्ठेतून सुटणारा अमोनिया माशाला घातक असतो. त्याचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू सेर्गेई विनोग्राडस्कीने १८९० च्या सुमारास वेगळे केले. आजच्या फिल्टरमध्ये हेच जिवाणू राबतात. त्यांच्या जोडीला मोठी टाकी, उष्ण पाणी आणि नियमित पाणीबदल असेल, तरच फूटभर वाढणारा ऑस्कर निरोगी राहतो.

८/ नर-मादी दिसायला सारखेच. म्हणून पाळणारे पाच-सहा पिल्ले एकत्र वाढवतात आणि त्यांना आपली जोडी आपण निवडू देतात. जोडी सपाट दगड तोंडाने स्वच्छ करते. मादी त्यावर हजाराहून अधिक अंडी घालते. दोघेही पंखांनी पाणी वारत पहारा देतात. तीन-चार दिवसांत अंडी फुटतात, त्यानंतरही राखण चालूच राहते. काळुंदराची जोडीही अशीच दक्ष असते.

९/ हे वात्सल्य बाटलीतल्या नमुन्यात आगासीला दिसणे शक्यच नव्हते. संग्रहालयातील प्रत्येक वस्तूपुढे म्हणूनच दोन प्रश्न विचारावेत: ही कोठून आली, आणि ते कोणी लिहून ठेवले? नमुना टिकला तरी त्याचा पत्ता वाटेत हरवलेला असू शकतो.