दुकान दूर, गाऱ्हाणे कुठे?

नागझिऱ्याचे अभयारण्य १९७० साली घोषित झाले. त्याच्या कडेने तिरोडा, गोरेगाव, सडक अर्जुनी आणि साकोली या तालुक्यांतली गावे आहेत. या गावांतला माणूस पिढ्यान्‌पिढ्या खरेदीसाठी आठवडी बाजारात गेला. बाजारातला दुकानदार पुढच्या आठवड्याला त्याच झाडाखाली, त्याच जागी पुन्हा बसणार असतो. डाळीत किडे निघाले, लुगड्याचा रंग पहिल्याच धुण्यात गेला, तर ते घेऊन त्याच्यापुढे उभे राहता येते आणि चारचौघांच्या देखत बोलता येते. आज त्याच गावात मोबाइलवरून मागवलेला मिक्सर खोक्यात बंद होऊन येतो. तो बिघडलेला निघाला तर पुढे उभे राहायला माणूसच नसतो. फोनवरचा यंत्राचा आवाज ‘एक दाबा, दोन दाबा’ सांगत राहतो आणि अर्ध्या तासाने फोन आपोआप बंद होतो.

मोठ्या दुकानदाराकडून होणारी हेळसांड ही मॉल आणि मोबाइलच्या जमान्यातली नवी गोष्ट आहे, असा आपला समज असतो. कागदपत्रे वेगळे सांगतात. विकणारा जितका लांब आणि जितका मोठा, तितके गाऱ्हाणे अवघड, ही तक्रार किमान सव्वाशे वर्षे जुनी आहे. ‘गाऱ्हाणे कुठे मांडायचे?’ या एका प्रश्नाला प्रत्येक काळाने दिलेले उत्तर शोधण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे.

सुरुवातीलाच एक भ्रम दूर केला पाहिजे. आठवडी बाजार म्हणजे ग्राहकाचे रामराज्य नव्हते. झाडीपट्टीत धान मोजायचे ते खंडी, कुडो आणि पायलीने, म्हणजे वजनाने नव्हे तर आकारमानाने. अशा मापात शीग लावायची की माप सपाट करायचे, यावर सौदा फिरतो. घेताना शिगेचे आणि देताना सपाट, ही व्यापाऱ्याची जुनी युक्ती. शिवाय दुकानदार आणि सावकार पुष्कळदा एकच असे. ज्याचे देणे डोक्यावर आहे, त्याच्याशी मापावरून भांडायला कोण धजावणार? समोरासमोरची ओळख गाऱ्हाणे ऐकवायला उपयोगी पडे, तशीच ती तोंड दाबायलाही उपयोगी पडे. या प्रश्नाला पहिले ठोस उत्तर मिळाले ते मेट्रिक वजनमापांनी. १९५६च्या कायद्यानंतर १९५८पासून ती टप्प्याटप्प्याने देशभर लागू झाली. शिक्का मारलेला किलो हा ग्राहकाच्या हाती आलेला सरकारी साक्षीदार होता.

लांबच्या दुकानाची गोष्ट मात्र याआधीच सुरू झाली होती. १८७७ साली हिंदुस्थानच्या टपाल खात्याने व्हॅल्यू पेएबल पोस्ट, म्हणजे आपली ‘व्ही. पी.’ सुरू केली. दशकभरात नागपूरकडून छत्तीसगडकडे जाणारी रेल्वे गोंदियावरून धावू लागली. टपाल आणि रेल्वे यांनी मिळून मुंबई-कलकत्त्याचे दुकान जंगलाकाठच्या टपाल कार्यालयापर्यंत आणले. वर्तमानपत्रात घड्याळाची, औषधाची, पुस्तकाची जाहिरात वाचायची, पोस्टकार्ड टाकायचे, पार्सल आले की पोस्टमनला पैसे मोजायचे आणि मग पार्सल फोडायचे. मराठीत ‘व्ही. पी.ने मागवणे’ आणि ‘व्ही. पी. सोडवणे’ हे शब्दप्रयोग रुजले, ते या व्यवहारातून. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी दिवाळी अंकही असेच येत.

या व्यवहाराची मेख क्रमात होती. पैसे आधी आणि माल नंतर पाहायचा. पार्सलात भलतेच काही निघाले तर पोस्टमन म्हणणार, मी फक्त पोचवणारा. याचा त्रास इतका वाढला असावा की, खुद्द टपाल कायद्याला त्याची दखल घ्यावी लागली. १८९८च्या कायद्याने व्ही. पी. पाठवणाऱ्यावर अट घातली, की समोरच्याने खरोखर मागणी केली असेल तरच असे पार्सल पाठवावे. फसवणुकीच्या प्रकरणात वसूल झालेली रक्कम रोखून ती घेणाऱ्याला परत करण्याचे नियम करण्याचा अधिकारही या कायद्यात आला. म्हणजे न मागवलेले पार्सल गळ्यात मारणे आणि खोक्यातून निराळीच वस्तू निघणे या तक्रारींना आजच्या ‘कॅश ऑन डिलिव्हरी’च्या शंभर वर्षे आधी कायद्याच्या पुस्तकात जागा मिळाली होती. आणि लक्षात घ्या, तो तोडगा विकणाऱ्याच्या सौजन्यावर अवलंबून नव्हता. मधल्या हाताने पैसे अडवून धरावेत, हे त्याचे सूत्र होते.

टपालाबाहेरच्या खरेदीत मात्र ग्राहक एकटाच होता. १९३०च्या मालविक्री कायद्याचा पाया ‘घेणाऱ्याने सावध असावे’ हा होता. विकणाऱ्याच्या भरवशावर घेतलेली वस्तू कामाला योग्य असली पाहिजे, असे अपवाद कायद्यात होते, पण ते मिळवायचे तर दिवाणी न्यायालयात जावे लागे. वीस रुपयांच्या छत्रीसाठी वकील कोण लावणार?

मग ग्राहकांनी दुसरी वाट धरली. वाईट दुकानाशी भांडण्यापेक्षा आपलेच दुकान काढायचे. मुंबईत नायगावच्या कामगार वस्तीत १९४८ साली सुरू झालेल्या सहकारी भांडाराचा पुढे ‘अपना बाजार’ झाला. १९६६ साली मुंबईतल्या गृहिणींनी ‘कन्झ्यूमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया’ स्थापन केली आणि भेसळीच्या तपासण्यांपासून तक्रार-मार्गदर्शनापर्यंतची कामे हाती घेतली. १९७२च्या दुष्काळी काळात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांच्या पुढाकाराने महागाईविरुद्ध बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. गोवा मुक्तिसंग्रामातले कार्यकर्ते बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले. पुढच्याच वर्षी गुढीपाडव्याला मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. तिच्या उभारणीत संगीतकार सुधीर फडके यांचाही वाटा होता. शेजारच्या काही कुटुंबांचा एक संघ करायचा, महिन्याची यादी एकत्र द्यायची आणि माल थेट घाऊक बाजारातून एका घरी उतरवून वाटून घ्यायचा, अशी तिची पद्धत. तीत दुकानच नव्हते, त्यामुळे दुकानदाराची मिजासही नव्हती.

या चळवळीचे मोल मोठे आहे, पण तिची मर्यादाही दिसते. ती दाट वस्तीची चळवळ होती. चाळ, सोसायटी, कामगार वस्ती असेल तिथे ती फोफावली. विखुरलेल्या पाड्यांच्या जंगलपट्टीत मालाचा ट्रक उतरवण्याइतकी कुटुंबे एका हाकेवर जमत नाहीत. तिथल्या ग्राहकाला संघापेक्षा कायद्याचीच गरज अधिक होती. १९७७च्या नियमांनी बंद पाकिटावर वजन, किंमत, उत्पादकाचे नाव-पत्ता छापणे सक्तीचे केले. १९९०पासून ‘सर्व करांसह कमाल किंमत’ आली. निरक्षर म्हातारीही शाळकरी नातवाकडून किंमत वाचून घेऊ शकेल, अशी ही सोय होती.

२४ डिसेंबर १९८६ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेला ग्राहक संरक्षण कायदा हे सर्वांत मोठे वळण. जिल्ह्याला मंच, राज्याला आणि देशाला आयोग. वकिलाची सक्ती नाही, सुरुवातीला शुल्कही नाही. जिल्हा मंचाच्या तीन जणांत एक महिला हवी, अशी अट. तक्रारीसाठी साधा कागद पुरे. आज नागझिऱ्याच्या कडेची बरीच गावे गोंदिया जिल्ह्यात आहेत. पण हा जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. तोवर जिल्ह्याच्या कामासाठी भंडारा गाठावा लागे. तालुक्याला येण्यात एक दिवस, पुढे भंडाऱ्याला दुसरा. मजुरी बुडते ती वेगळीच. हजार रुपयांच्या वस्तूसाठी हा हिशेब जुळत नाही, हे दुकानदारालाही पक्के ठाऊक असते.

याहून मोठी अडचण कलमात दडलेली होती. १९८६च्या कायद्याच्या कलम ११प्रमाणे तक्रार करायची ती विरुद्ध पक्ष जिथे राहतो, धंदा करतो किंवा त्याची शाखा आहे तिथे, नाहीतर तक्रारीचे कारण जिथे घडले तिथे. त्यातही २००९ साली एका विमा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, केवळ कुठेतरी शाखा आहे एवढ्यावर भागणार नाही, त्या जागेचा तक्रारीशी संबंध हवा. तर्क चुकीचा नव्हता, नाहीतर कोणीही कुठेही दावा लावला असता. पण लांबून विकणाऱ्या कंपनीच्या वकिलाला पहिला बचाव आयताच मिळाला. वस्तू खराब होती की नाही, हा मुद्दा बाजूला राही आणि ‘कारण’ कुठे घडले यावरच वाद रंगे.

२०१९चा नवा कायदा २० जुलै २०२० रोजी अमलात आला आणि त्याच्या कलम ३४ने हा वाद एका ओळीत मिटवला. तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. दुकान बंगळुरूत असो की गुरुग्राममध्ये, तिरोड्याच्या ग्राहकासाठी आयोग गोंदियाचाच. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. तक्रार ऑनलाइन दाखल करण्याची सोय त्याच वर्षी सुरू झाली. त्या वर्षीच्याच ई-कॉमर्स नियमांनी कंपन्यांना तक्रार अधिकारी नेमणे, ४८ तासांत पोच देणे आणि महिन्याच्या आत निवारण करणे बंधनकारक केले. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी तर आपल्या बाजारपेठेचे ब्रीदवाक्यच होती. सदोष माल पावतीवरील मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे न देणे ही आता अनुचित व्यापारी प्रथा ठरते. पावती न देणे हीदेखील.

त्याच दुकानांत पुष्कळदा दुसरीही एक पाटी दिसते. ग्राहक हाच आपल्याकडे येणारा सर्वांत महत्त्वाचा पाहुणा, अशा अर्थाचे वाक्य, आणि त्याखाली गांधीजींचे नाव. गांधीजींच्या लेखनात या वाक्याचा आधार सापडलेला नाही. तशाच आशयाचा मजकूर अमेरिकेतल्या व्यापारी जगात फार पूर्वीपासून फिरत होता. महात्म्याची सही उसनी घेतलेली ही पाटी आणि ‘माल परत नाही’ ही पाटी एकाच भिंतीवर सुखाने नांदल्या, यात आपल्या ग्राहकसेवेचा बराच इतिहास आला.

छोट्या रकमेसाठी भांडणे हा हेकेखोरपणा आहे, असे म्हणणाऱ्यांनी पिशव्यांचे प्रकरण आठवावे. मोठ्या साखळी दुकानांनी गल्ल्यावर कागदी-कापडी पिशवीचे पैसे लावायला सुरुवात केली. चंडीगडमध्ये तीन रुपयांच्या पिशवीवरून एक ग्राहक मंचात गेला आणि २०१९ साली जिंकला. बिग बझारच्या प्रकरणात २२ डिसेंबर २०२० रोजी राष्ट्रीय आयोगाने ठरवले, की आधी सूचना न देता गल्ल्यावर पिशवीचे पैसे घेणे अनुचित आहे. ग्राहकाचे चार-दोन रुपये असतील, पण दुकानाच्या हिशेबात तेच लाखो वेळा जमा होतात. छोटी रक्कम ही मोठ्या दुकानाची ढाल असते, कारण प्रत्येक जण ‘जाऊ दे’ म्हणतो.

तरीही चित्र रंगवून सांगणे बरे नव्हे. तक्रार तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो, पण सदस्यच नसतील तर आयोग चालणार कसा? देशभरातल्या रिक्त पदांची दखल २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली. नेमणुकांच्या नियमांतल्या काही तरतुदी १४ सप्टेंबर २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने रद्द केल्या आणि मार्च २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. विदर्भातल्या न्यायालयाचा हा निर्णय साऱ्या देशाच्या ग्राहक आयोगांना लागू झाला, ही नोंद आपल्याकडे फारशी झालेली नाही. ऑनलाइन दाखल करण्याची सोयही जिथे मोबाइलला रेंज मिळते तिथलीच. जंगलाच्या कडेला ती दर वळणावर तुटते.

म्हणून शेवटी इतिहासातून हाती येते ते एवढेच. मधल्या हाताने पैसे अडवण्याची १८९८ची कल्पना, शिक्क्याचा किलो, छापील किंमत आणि आपल्या जिल्ह्यातला आयोग, यांतली एकही गोष्ट विकणाऱ्याच्या चांगुलपणावर विसंबलेली नाही. प्रत्येकीने दुकान आणि गाऱ्हाणे यांतले अंतर थोडे कापले. उरलेले अंतर ग्राहकाला कापायचे आहे आणि ते फोनवरच्या भांडणाने कापले जात नाही. पक्की पावती मागून घेणे, खोके फोडताना फोटो काढणे, तक्रार लेखी करून तिची पोच ठेवणे, आणि दोन वर्षांची मुदत सरण्याआधी आयोगाकडे जाणे, ही त्याची साधने. बाजारात शिगेवरून हुज्जत घालणाऱ्या आपल्या आज्यांना कलमे ठाऊक नव्हती. पण माप आपल्या डोळ्यांसमोर भरून घ्यावे, हे त्या कधी विसरल्या नाहीत.