दौलतजादा : खुशीचें दान कीं श्रमाचें मोल ?

नाचणाऱ्या स्त्रीच्या हातीं पडलेल्या पैशास काय म्हणावें, हा प्रश्न वरवर पाहतां केवळ शब्दांचा वाटेल. परंतु त्यास 'वेतन' म्हटलें कीं देणाऱ्यावर कांहीं कर्तव्य येऊन पडतें. 'बक्षीस' म्हटलें कीं घेणारीनेंच उपकृत व्हावयाचें असतें. महाराष्ट्रांत हा वाद कसकसा वाढत गेला, तें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

उत्तर पेशवाईंत तमासगिरांस दरबाराचा आश्रय होता. दुसऱ्या बाजीरावाची लावणीवरील मर्जी तर सुप्रसिद्धच आहे. १८१८ सालीं पेशवाई बुडाली आणि बिदागी देणाऱ्या धन्याची जागा हळूहळू पैसे मोजणाऱ्या प्रेक्षकानें घेतली. संगीत बारींत 'दौलतजादा' म्हणून जी चाल रूढ झाली, तींत प्रेक्षकानें पैसा पुढें करावा व बाईनें तो घेऊन त्याची फर्माईश पुरी करावी, असा रिवाज असे. त्या पैशास साथीदारांपासून अनेक वाटेकरी असत. बाईचा धनी कोण, हें मात्र कोठेंच लिहिलेलें नसे.

विसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या डान्स बारांत हीच चाल नव्या वेषांत आली. ढोलकी-पेटीच्या जागीं चित्रपटांतील गाणीं आलीं, नाण्यांच्या जागीं नोटा आल्या. पुष्कळ ठिकाणीं नर्तकीस पगार असा नव्हताच. उधळलेल्या नोटा मोजून मालकाचा हिस्सा वजा जातां जें उरेल, ती तिची कमाई. तिनें केव्हां यावें व केव्हां जावें हें मालक ठरवी. पण ती आजारी पडली, म्हणजे ती आपली नोकर नव्हे, असें म्हणण्यास तो मोकळा राही.

२००५ सालीं राज्य सरकारनें मुंबई पोलीस कायद्यांत दुरुस्ती करून हीं नृत्यें बंद केलीं. बड्या तारांकित हॉटेलांस व क्लबांस मात्र मोकळीक ठेविली. नीतीचा उच्चार पुष्कळ झाला. नर्तकींच्या बाजूनें ज्यांची संख्या सुमारें ७५,००० सांगण्यांत येई, त्या स्त्रियांच्या पोटाचा विचार थोडाच झाला. १२ एप्रिल २००६ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें ही बंदी रद्द ठरविली व १६ जुलै २०१३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय कायम केला. पुढें २०१६ च्या नव्या कायद्यानें व नियमांनीं लेखी करार, दरमहा पगार आणि बँकेंतून मोबदला यांची सक्ती केली. बक्षीस हातीं न देतां बिलांत मिळवावें, असेंही ठरविलें. १७ जानेवारी २०१९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें करार व बँक हीं मान्य केलीं, दरमहा पगाराची सक्ती काढून टाकली. नोटा उधळण्यास मनाई ठेविली, परंतु बक्षीस हातीं देण्यास मुभा दिली.

राहिला कराचा प्रश्न. एप्रिल २०१६ मध्यें हॉटेलांतील वेटरांसंबंधींच्या एका खटल्यांत त्याच न्यायालयानें सांगितलें कीं, गिऱ्हाइकाची टिप मालकाच्या हातून वांटली गेली तरी ती पगार नव्हे, म्हणून मालकानें तींतून पगाराप्रमाणें कर कापावयाचा नाहीं. घेणाऱ्याच्या हातीं मात्र ती इतर साधनांपासूनची मिळकत म्हणून करपात्र होय. खटला नर्तकींचा नव्हता. पण पेंच तोच आहे. कर आकारतेवेळीं जी मिळकत, तीच पगार मोजतेवेळीं परक्याची खुशी ! भविष्यनिर्वाह निधि पगारावर मोजतात, बक्षिसावर नव्हे. मग जिची बहुतेक सारी कमाई बक्षिसाचीच, तिच्या म्हातारपणाची तरतूद कशावर व्हावी ?

पगाराची सक्ती हा यावरील उपाय नव्हे, हें आम्हांसही मान्य आहे; एकाच धन्याशीं बांधून घेणें प्रत्येकीस रुचेलच असें नाहीं. परंतु करार लेखी व्हावयाचा आहे, तर बक्षिसांत मालकाचा हिस्सा किती, तो कशाबद्दल, आणि आजारपणीं तो तिच्या कोणत्या उपयोगीं पडणार, इतकें तरी त्या कागदावर स्पष्ट असावें. दौलतजादा देणाऱ्याचें नांव भर मैफलींत पुकारलें जाई; घेणारीचा हक्क निदान कागदावर तरी लिहिला जावा.