वेदनेची दाद

कोल्हापूर शहराच्या पूर्वेस, एका अंगाला गांधीनगरची कापडपेठ, दुसऱ्या अंगाला उजळाईवाडीचा विमानतळ आणि थोडे पुढे गेले की गोकुळ शिरगावची कारखानदारी, अशा दाटीत सापडलेले गडमुडशिंगी हे करवीर तालुक्यातील गाव आज शहराचेच उपांग वाटावे इतके त्याच्याशी जोडले गेले आहे. रुग्णालयांचा इतिहास शहरांत लिहिला जातो, त्यांच्या कोनशिला शहरांत बसतात. परंतु बरा न होणारा रोगी अखेरीस जेथे परत येतो ते ठिकाण म्हणजे अशा गावातील घराचा सोपा होय, आणि म्हणून कर्करोग्यांच्या वेदनाशमनाचा इतिहास ज्याला समजून घ्यावयाचा असेल त्याने तो या सोप्यापासूनच पाहावयास आरंभ करावा, असे मला वाटते.

जुन्या काळी या मुलखात दुखणे असाध्य ठरले म्हणजे रोग्याचे अंथरूण सोप्यात घालीत, कारण तेथे वारा खेळे, येणाऱ्याजाणाऱ्याशी दोन शब्द बोलता येत आणि घरच्या बायांना कामे उरकता उरकता लक्ष ठेवता येई. अंबाबाईचा, जोतिबाचा अंगारा लागे, वैद्याचा काढा चाले आणि शेवटी तुळशीपत्र व गंगोदक. आयुर्वेदाने रोगांची साध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य आणि असाध्य अशी प्रतवारी केलेली होती, सुश्रुताने अर्बुदाचे वर्णन केलेले होते. तथापि असाध्य रोग्याला हात घालणाऱ्या वैद्याचे द्रव्य, विद्या आणि यश यांची हानी होते, असा इशारा चरकसंहितेनेच देऊन ठेवला होता. वैद्याने काढता पाय घ्यावा आणि घराने उभे राहावे, ही रीत त्यामुळे फार पुरातन आहे. याप्य रोगाचा जो विचार शास्त्राने केला, म्हणजे बरा न झाला तरी औषधाने आटोक्यात धरावयाचा रोग, त्याचा विस्तार मरणाच्या दारापर्यंत नेला गेला नाही, याची हळहळ वाटते.

वेदनेवरचे औषध मात्र घरात होते. अफूचा उल्लेख शार्ङ्गधरसंहितेत अहिफेन म्हणून येतो; अतिसारावर, खोकल्यावर, झोपेसाठी ती शेकडो वर्षे वापरली गेली, आणि मुंबईच्या गिरणगावात कामावर जाणाऱ्या बाया तान्ह्या पोरांना अफूमिश्रित बाळागोळी देऊन निजवीत, हेही सरकारी चौकशांतून नमूद झालेले आहे. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनकडे जाई व त्या व्यापारावर कित्येक घराणी गबर झाली. त्याच शतकाच्या आरंभी झेर्ट्युर्नर नावाच्या जर्मन औषधविक्रेत्याने अफूतून मॉर्फिन वेगळे काढले होते. कंपनी सरकारने आणि त्यामागून बादशाही सरकारने १८५७ व १८७८ च्या कायद्यांनी अफूची लागवड, साठवण आणि विक्री परवान्याखाली घेतली, १९३० च्या घातक औषधींच्या कायद्याने मॉर्फिनही त्या चौकटीत आले, आणि अशा रीतीने जे द्रव्य एके काळी वैद्याच्या बटव्यात होते ते अबकारी खात्याच्या दफ्तरात जाऊन बसले. महसुलाची वस्तू म्हणून अफूची नोंद चोख राहिली. दुखणाइताच्या गरजेचा रकाना मात्र त्या दफ्तरात कोणी आखला नाही.

दरम्यान उपचाराची साधने जवळ येत होती. १८९१ मध्ये कोल्हापूर-मिरज लोहमार्ग सुरू झाला आणि १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेस रुग्णालय उघडले, तेव्हा गाठ कापून काढता येते हे पंचक्रोशीतील लोकांना कळले. पुढे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत परळला टाटा स्मारक रुग्णालयाचे उद्घाटन झाले आणि 'टाटाला नेले' हा शब्दप्रयोग आमच्या बोलीत कायमचा रुजला. गाडीभाड्यासाठी म्हैस विकून मुंबई गाठणाऱ्या माणसांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने आणि परळच्या नाना पालकर स्मृती समितीने आसरा दिला, हे उपकार महाराष्ट्राने विसरू नयेत. परंतु शस्त्रक्रिया आणि किरणोपचार यांची मर्यादा संपली, की तेथूनही तेच उत्तर मिळे: "घरला न्या, काय खातंय ते घाला." हे वाक्य कोरडेपणाने उच्चारले जाई असे नव्हे; कित्येकदा बोलणाऱ्याचाही कंठ दाटून येत असे. पण रोग्याच्या हाती चिठ्ठीखेरीज काही पडत नसे, आणि रात्री कळ उठली म्हणजे सोप्यातील माणसांना एकमेकांच्या तोंडाकडे पाहण्यापलीकडे उपाय नसे.

या उत्तरापुढे जाता येते हे लंडनमध्ये सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये सेंट क्रिस्टोफर्स हे शुश्रूषागृह काढून दाखविले. आपल्याकडे त्या विचाराचे पहिले घर महाराष्ट्रातच उभे राहिले: टाटा रुग्णालयातील शल्यविशारद डॉ. लुईस जोझे डिसूझा यांनी १९८६ मध्ये वांद्रे येथे शांती आवेदना सदन स्थापन केले, आणि ज्यांच्यावर आता इलाज नाही असे म्हटले जाई त्यांना तेथे विनामूल्य ठेवून घेतले जाऊ लागले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगातील वेदनेवर तीन पायऱ्यांची पद्धती प्रसिद्ध केली: साध्या वेदनाशामकापासून आरंभ करून, गरज वाढेल तसे मॉर्फिनपर्यंत चढावे, औषध तोंडावाटे द्यावे आणि ते कळ उठण्याची वाट न पाहता घड्याळाच्या काट्यावर द्यावे. आणि नेमक्या त्याच्या आदल्या वर्षी, १९८५ साली, भारतात अमली पदार्थांचा नवा कायदा अमलात आला होता. हेतू तस्करी मोडण्याचा, आणि तो योग्यच. पण एका खेपेच्या मॉर्फिनसाठी बाळगण्याचा, वाहतुकीचा, आयातीचा व निर्यातीचा असे निरनिराळे परवाने निरनिराळ्या खात्यांकडून घ्यावयाचे, त्यांच्या मुदती एकदमच चालू असावयाच्या, आणि हिशेबात चूक झाली तर दहा वर्षांच्या सक्तमजुरीची टांगती तलवार, अशी ही तजवीज असल्याने औषधविक्रेत्यांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले. मंदसौर, नीमच आणि चितोडगडच्या शेतांत सरकारी देखरेखीखाली पिकणाऱ्या अफूवर जगातील कित्येक देशांचे रोगी शांत झोपत असता, आपल्या देशातील मॉर्फिनचा वापर १९९७ मध्ये अवघ्या १८ किलोंवर आला. पीक आमचे, कारखाने आमचे आणि कळाही आमच्याच माणसांच्या. इतके जवळ असलेले औषध इतके दूर ठेवण्याचा हा प्रकार मला अक्षम्य वाटतो.

दूर ठेवले म्हणजे काय होते, हे या भागात फार स्पष्ट दिसते. मशेरी लावण्याची आणि तंबाखूचा बार भरण्याची सवय येथे घरोघर. निपाणीची तंबाखूची पेठ हाकेच्या अंतरावर. त्यामुळे तोंडाचा कर्करोग हा या मातीतला नित्याचा पाहुणा. गालाला भोक पडते, जखम चिघळते, आणि वेदनेइतकीच असह्य असते ती दुर्गंधी, जिच्यापायी नातवंडे जवळ येत नाहीत आणि रोगी स्वतःच तोंडावर पदर घेऊन भिंतीकडे वळतो. शुश्रूषा जाणणारी परिचारिका येथे एक अगदी साधी गोष्ट करते: मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या कुटून त्यांची भुकटी जखमेवर पसरते, आणि पुढल्या काही दिवसांत वास उतरतो. मॉर्फिनची गोळी दर चार तासांनी. निजताना दुप्पट मात्रा, म्हणजे मध्यरात्री उठवावे लागत नाही. आणि सोबत रेचक न चुकता, कारण मॉर्फिनने मळ खडा होतो आणि त्याच त्रासाने घाबरून लोक गोळी बंद करतात. 'सवय लागेल' ही धास्ती प्रत्येक घरात असते. कर्करोगाच्या वेदनेसाठी योग्य मात्रेत मॉर्फिन घेणाऱ्याला व्यसन जडणे हे विरळाच, हे डॉक्टरांना बसून, थोरल्या लेकाला आणि सुनेलाही समजावून सांगावे लागते. या एवढ्याशा ज्ञानावर कित्येकांचे अखेरचे महिने अवलंबून असतात.

१९९३ मध्ये कोझिकोड येथे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी वेदनाशमनाचा दवाखाना काढला, १९९७ मध्ये पुण्यात वारजे येथे सिप्लाचे शुश्रूषा केंद्र विनामूल्य सेवा देऊ लागले, जेथे रोग्यासोबत घरच्या माणसालाही ठेवून घेऊन शुश्रूषा शिकविली जाते. कायद्याची गाठ मात्र २०१४ मध्ये सुटली: संसदेने दुरुस्ती केली, मॉर्फिनसह सहा औषधे आवश्यक ठरविली, आणि अनेक परवान्यांऐवजी मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला एकाच खात्याची मंजुरी पुरेशी केली. एकोणतीस वर्षे त्यात गेली, आणि त्या वर्षांत जे गेले त्यांची गणती कोणत्याही दफ्तरात नाही.

गोकुळ शिरगावला आता कर्करोगाचे रुग्णालय आहे. किरणोपचारांसाठी गडमुडशिंगीच्या माणसाला मुंबईची गाडी धरावीच लागते असे राहिलेले नाही. परंतु उपचार संपल्यानंतरचा रोगी रुग्णालयापर्यंत येऊ शकत नाही, त्याच्यापर्यंत जावे लागते, आणि हे जाणे केरळात मलप्पुरम जिल्ह्यातील शेजाऱ्यांनी शतक पालटता पालटता आपल्या अंगावर घेतले: शिक्षक, दुकानदार, गृहिणी आठवड्यातून काही तास देतात, परिचारिका गाडीने घरोघर फिरते, खर्च लोकवर्गणीतून निघतो. कोल्हापूर जिल्ह्याला ही घडी परकी वाटण्याचे कारण नाही. येथे गावोगाव दूध संस्था आहेत, पहाटे व सायंकाळी प्रत्येक दावणीचे दूध मोजून घेतले जाते, कोणाची म्हैस आटली हे संस्थेच्या सचिवाला त्याच दिवशी कळते. कोणाच्या सोप्यात कोण कण्हत पडले आहे, हे त्याच गावाला ठाऊक असतेच. गावच्या आशा कार्यकर्तीकडे ते नाव पोचावे, तालुक्याच्या ठिकाणी मॉर्फिनचा साठा असावा आणि आठवड्यातून एकदा परिचारिकेने येऊन जखम बांधावी, मात्रा पाहावी आणि सुनेच्या वहीत गोळ्यांच्या वेळा लिहून द्याव्यात, एवढीच योजना बाकी आहे.