कमबॅक का फसतात? जेनेसिस ते बालगंधर्व

आजचा विषय आहे फसलेले कमबॅक. आवडता बँड फुटतो, वर्षानुवर्षं आपण त्यांच्या रीयुनियनची वाट बघतो, आणि ते होतं तेव्हा घरी जाताना कुणी फारसं बोलत नाही. असं का होतं?

आधी एक बाहेरचं उदाहरण. ‘जेनेसिस’ हा इंग्लंडचा प्रोग्रेसिव्ह रॉक बँड. वीस-वीस मिनिटांची गाणी, वेशभूषा, स्टेजवर अख्खी गोष्ट. गायक पीटर गेब्रियल १९७५ मध्ये बाहेर पडला. २ ऑक्टोबर १९८२ ला मिल्टन कीन्समध्ये तो एका रात्रीसाठी परत आला. कारण साधं होतं. त्याने सुरू केलेला ‘वोमॅड’ हा संगीत महोत्सव तोट्यात गेला होता, डोक्यावर देणी होती, आणि जुने मित्र मदतीला आले. तालमी मोजक्या, वरून पाऊस. लोकांनी जल्लोष केला, पण वाजवणं विस्कळीतच झालं. त्या रात्रीचा लाइव्ह अल्बम बँडने कधी काढला नाही.

कर्ज, जुनी कीर्ती आणि परत येणं. हे तीन शब्द एकत्र आले की मला आपल्या कृष्णाकाठचा एक माणूस आठवतो. आमच्या वाईच्या घाटांवरून पुढे गेलेलं पाणी सांगली जिल्ह्यात नागठाण्याला पोचतं. (पलूस तालुक्यातलं हं, साताऱ्याजवळचं नागठाणे वेगळं.) हे नारायण श्रीपाद राजहंस यांच्या घराण्याचं गाव. म्हणजे आपले बालगंधर्व.

१९१३ मध्ये त्यांनी गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासोबत गंधर्व नाटक मंडळी काढली. हा त्या काळचा सुपरबँडच. ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखल्यांच्या चाली, सारंगीवर कादरबक्ष, पुढे तबल्यावर थिरकवाँ. वन्समोअरमुळे नाटक पहाटेपर्यंत चालायचं. ८ जुलै १९२१ ला मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झालं. बालगंधर्व भामिनी आणि स्पर्धक कंपनीचे केशवराव भोसले धैर्यधर. पैसे टिळक स्वराज्य फंडाला. त्याच ऑक्टोबरमध्ये केशवराव वारले. त्यामुळे ती जोडी लोकांच्या आठवणीत कधी म्हातारी झालीच नाही.

बालगंधर्वांच्या नशिबात मात्र लांबलेली गोष्ट होती. त्याच सुमारास कंपनीवर लाखाच्या वर कर्ज असल्याचं उघड झालं. ते त्यांनी वर्षानुवर्षं खेळ करून फेडलं, पण खर्चाचा हात काही आखडला नाही. अत्तर, गालिचे, भरजरी लुगडी चालूच. मग १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ आला, मराठी बोलपट सुरू झाला. १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ नाटकात बायकांची कामं बायकाच करू लागल्या. कंपनी बंद पडली. ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’त, १९३५ साली, ते एकनाथ झाले. लोकांना भामिनी हवी होती, समोर आले दाढीवाले संत. १९३७ च्या ‘साध्वी मीराबाई’त ते पुन्हा स्त्रीवेषात आले, पण तोवर पन्नाशी जवळ आली होती. रंगमंचावर शेवटच्या रांगेतून खपून जाणारं वय कॅमेऱ्याच्या क्लोजअपमध्ये कसं लपणार?

मग परत नाटक. १९३८ मध्ये गोहर कर्नाटकी कंपनीत आल्या आणि जुन्या चाहत्यांची नाराजी आणखी वाढली. पुढे साठीच्या आसपासही बालगंधर्व सिंधूचं लुगडं नेसून उभे राहत होते, कारण पोट त्यावरच होतं.

या सगळ्याला आपण ‘वेळेत थांबायला हवं होतं’ म्हणून मोकळे होतो. मला ते पटत नाही. याच माणसाची भजनं लोक उतारवयातही मन लावून ऐकत होते. म्हणजे गाणं संपलं नव्हतं, भूमिका संपली होती. भजनात त्यांना कुणाची तरुण नायिका व्हावं लागत नव्हतं. नाटकाच्या तिकिटावर मात्र लोक स्वतःचं १९२१ परत मागत होते, आणि ते कुठलाच गायक देऊ शकत नाही. थिरकवाँ रामपूर दरबारी गेलेले, प्रेक्षक वाढत्या वयाचे, जग बोलपटाचं. बदललं सगळंच होतं, हिशोब मात्र एकट्याच्या चेहऱ्यावर मांडला गेला.

सन्मान मिळाले, पण उशिरा. १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा, १९६४ मध्ये पद्मभूषण. तोवर पाय साथ देत नव्हते. १५ जुलै १९६७ ला ते गेले.

आपल्या हातात आज त्यांच्या तीन-तीन मिनिटांच्या तबकड्या आहेत, युट्यूबवर फुकट. एक त्यांचं नाट्यपद ऐका, मग लगेच एक भजन. आणि पुढच्या वेळी कुणाच्या रीयुनियनला गेलात, तर जुनं गाणं जुन्यासारखंच म्हणा असा ओरडा करण्याआधी त्यांना नवीन काय गायचंय ते विचारा. कदाचित संध्याकाळ वाचेल.

चला, पुढच्या एपिसोडमध्ये भेटू.