मोटारीचा विमा आणि चालकाचे लायसन

मंडळी, वेळणेश्वराच्या देवळासमोर उभे राहिले की पुढे दर्या आणि मागे नारळी-पोफळीच्या वाड्या. गुहागर तालुक्यातल्या या गावाला जगाशी जोडणारी जुनी वाट पाण्याची. उत्तरेला दाभोळ, दक्षिणेला जयगड. माल आणि माणसे गलबतांतून आणि पुढे आगबोटींतून मुंबईला जायची. दर्याची जोखीम ओळखणाऱ्या या किनाऱ्याला विमा काही नवा नव्हे. पश्चिम किनाऱ्यावरचे व्यापारी 'जोखमी हुंडी' लिहीत. माल सुखरूप पोहोचला तर हुंडीचे पैसे चुकते करायचे, गलबत बुडाले तर हुंडी घेणाऱ्याचे पैसेही बुडाले.

पण तो विमा आपल्या मालाचा. मोटारीचा सक्तीचा विमा याच्या अगदी उलट आहे. तो रस्त्याने चाललेल्या परक्या माणसासाठी असतो. पैसे मालक भरतो, राखण दुसऱ्याची होते. हे एवढे ध्यानात धरले, की पुढची सगळी हकिगत समजेल.

आपल्या देशात मोटारींसाठी अखिल भारतीय कायदा झाला 1914 साली. मोटार चालवायला लायसन पाहिजे, गाडीची नोंदणी पाहिजे, एवढे त्यात होते. विम्याची सक्ती नव्हती. मोटारीखाली कोणी सापडला आणि मालक कफल्लक निघाला, तर मागे राहिलेल्या बायकापोरांनी दाद मागायची कोणाकडे? हा प्रश्न सगळ्या जगापुढे उभा राहिला. इंग्लंडने 1930 सालच्या कायद्याने त्रयस्थाचा विमा सक्तीचा केला. आपल्याकडे 1939 च्या मोटार वाहन कायद्यात तसेच प्रकरण घातले गेले. प्रत्यक्षात ते 1 जुलै 1946 पासून लागू झाले. 1988 साली नवा कायदा आला, तरी ही सक्ती कायम राहिली.

मात्र त्या 1939 च्या कायद्यातच विमा कंपनीला एक पळवाट ठेवली होती. गाडी चालवणाऱ्याजवळ लायसन नसेल, किंवा त्याला लायसन बाळगण्यास अपात्र ठरवलेले असेल, तर पॉलिसीची अट मोडली असे म्हणून कंपनी हात वर करू शकत असे. म्हणजे बघा, चूक चालकाची, हयगय मालकाची, आणि उपाशी राहायचे कोणी? तर ज्याचा यात काडीचाही संबंध नाही त्याने!

न्यायालयांना हे खटकले. गुजरातमधल्या एका खटल्यात ट्रकचा ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून खाली उतरला होता, आणि बिनलायसनच्या क्लीनरने ट्रक हाकला. एक माणूस प्राणास मुकला. 1987 साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की मालकाने लायसनवाला ड्रायव्हर नेमला होता. अट त्याने स्वतः मोडलेली नाही. तेव्हा कंपनीने पैसे द्यावेत. पुढे 5 जानेवारी 2004 रोजी सरन्यायाधीश वि. ना. खरे यांच्या तीन सदस्यांच्या पीठाने हा विचार आणखी पक्का केला. नुसते लायसन नव्हते एवढे म्हणून भागणार नाही. मालकाने घ्यायची ती काळजी घेतली नाही, हे कंपनीने सिद्ध केले पाहिजे. आणि तसे सिद्ध झाले, तरी न्यायाधिकरण कंपनीला सांगू शकते, की आधी अपघातग्रस्ताला भरपाई दे, मग ती मालकाकडून वसूल कर.

या दुसऱ्या वाक्यातच मालकाची खरी मेख आहे. समजा, गावातल्या एका टेंपोवाल्याच्या ड्रायव्हरचे लायसन तीन महिन्यांसाठी निलंबित झाले. कारण? मालाच्या गाडीतून माणसे नेली. यात नवल नाही. 2015 साली सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने राज्यांना कळवले, की अशा गुन्ह्याला, तसेच दारू पिऊन, मोबाइलवर बोलत किंवा भरधाव गाडी हाकण्याला, किमान तीन महिने लायसन निलंबित करावे. आता महाशिवरात्रीची गर्दी, भाडी हातची जातात, मालक म्हणतो, "जा रे, एवढी एक खेप मारून ये. कोण बघतो?" आणि उतारावर एक शाळकरी पोर गाडीखाली येते. पोराच्या घरी भरपाई जाईल. पण ती रक्कम फिरून मालकाच्या दारात येईल. कलमे लावून जोपासलेली आंब्याची बाग मग त्या एका खेपेसाठी गहाण पडते.

स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे तर बोलायलाच नको. 2004 च्या निकालाची ही सवलत फक्त त्रयस्थासाठी आहे, स्वतःच्या नुकसानीचा दावा करणाऱ्या मालकाला तिचा आधार घेता येणार नाही, असे त्याच न्यायालयाने 2007 साली स्पष्ट केले.

ड्रायव्हरला शिक्षा होते ती वेगळीच. अपात्र ठरवल्यावरही गाडी चालवली, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. हा दंड पूर्वी 500 रुपयांपर्यंत होता. 2019 च्या दुरुस्तीने तो 10,000 रुपये झाला. लायसन नसलेल्याच्या हाती गाडी देणारा मालकही कायद्याने गुन्हेगारच ठरतो.

आता कोणी विचारील, अशी शिक्षा झाली तर पुढच्या वर्षी विम्याचा हप्ता वाढतो का? अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींना विचारा. तिथे अनेक राज्यांत अशा माणसाच्या विम्याचे हमीपत्र कंपनीला सरकारकडे दाखल करावे लागते, आणि हप्ता भडकतो. आपल्याकडे खाजगी मोटारीच्या त्रयस्थ विम्याचा हप्ता इंजिनाच्या क्षमतेवर ठरतो, चालकाच्या वर्तनावर नाही. वाहतुकीचे नियम मोडणाऱ्यांकडून जादा हप्ता घ्यावा, अशी शिफारस विमा नियामकाच्या एका कार्यगटाने 2021 साली केली होती, हेही नोंदवून ठेवू. पण हप्ता तेवढाच राहिला म्हणून निर्धास्त होऊ नका. तिथे चुकीची किंमत हप्त्यात दिसते. इथे ती अपघात झाल्यावर दिसते, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो.

म्हणून मालकांनी एवढे करावे. ड्रायव्हर ठेवताना लायसन हातात घेऊन पाहावे. त्याची मुदत आणि गाडीचा वर्ग तपासावा. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर ते चालू आहे ना, याची मधूनमधून खात्री करावी. निलंबनाचा काळ संपेपर्यंत किल्ली दुसऱ्याच्या हाती द्यावी. आणि गुरुजी, बाई, आपल्या वर्गातल्या मोठ्या मुलांना एकदा विम्याचा कागद दाखवा. त्यात चालकाविषयीची जी ओळ असते, ती त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्या.

गलबत हाकारण्यापूर्वी आपले वाडवडील वारा बघत, आभाळ बघत. आपण निदान लायसन तरी बघू या.